खेळाचा तास: पोरांनी काय करायचं, घरच्यांनी काय पाहायचं

"सर, पोटमा दुखस."

हे वाक्य मी बावीस वर्षं ऐकतोय. म्हणणारं पोरगं पोटावर हात ठेवून उभं असतं आणि नजर असते लिंबाखालच्या पारावर. तिथं आधीच चार-पाच जण येऊन बसलेले असतात. मैदानात वर्गातले दहा-बारा चपळ गडी कबड्डी खेळतात, बाकीचे बघे. खरं सांगायचं तर त्या दहा-बारांना माझी फारशी गरज नाही. शाळा सुटल्यावर ते नदीकाठी जाऊन खेळणारच आहेत. तास आहे तो पारावरच्या पोरांसाठी. हा लेखही त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

गुण नेमके कशाचे

सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. जो जोरात पळतो त्याला 'अ' आणि जो मागं राहतो त्याला 'क', असं पोरांना वाटतं. पहिली ते आठवीत या विषयाचं मूल्यमापन वर्षभराच्या निरीक्षणावर चालतं. नववी-दहावीत तो 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' या नावानं येतो, शाळाच मूल्यमापन करते, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर श्रेणी लागते, ती टक्केवारीत धरत नाहीत. टक्केवारीत नाही म्हटलं की पालकांचा विषयातला रस संपतो, हे मी दर पालकसभेला पाहतो.

माझ्या वहीत प्रत्येक पोरासमोर चार रकाने आहेत: तयारीनं आला का, पूर्ण तास भाग घेतला का, कौशल्य किती जमलं, आणि जूनपेक्षा आत्ता किती पुढं गेला. चौथा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 600 मीटरला चार मिनिटं घेणारं पोरगं साडेतीनवर आलं, तर माझ्या लेखी ते वर्गात पहिल्या आलेल्यापेक्षा कमी नाही. दुसऱ्या शाळेतले सर वेगळे रकाने आखत असतील. म्हणून पहिली पायरी: जूनमध्येच सरांना विचारून घ्या, "सर, आमचं काय-काय पाहणार?"

आता थोडा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी. म्हणजे आठवड्याला 420 मिनिटं. शाळेत पस्तीस मिनिटांचे तीन तास मिळाले तरी होतात 105. उरलेलं घरी आलं. "आमचा पोऱ्या दिवाळीत कापूस वेचतो, तो व्यायामच की," असं एक काका मला म्हणाले होते. कष्ट आहेतच, पण कापूस वेचताना कंबर तासन्‌तास वाकलेली राहते आणि दम काही लागत नाही. उलट अशा पोरांच्या मांडीमागच्या शिरा आखडलेल्या असतात. वेचणीवरून आल्यावर पाच मिनिटं अंग ताणणं आणि थोडी सायकल, इतकं त्यांनी करावंच.

जूनचा पहिला आठवडा: सरांना एक चिठ्ठी

हे काम पालकांचं आहे आणि याला पाच मिनिटं लागतात. वहीच्या अर्ध्या पानावर लिहा: मुलाचं नाव, इयत्ता, दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा काही त्रास, जुनं फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, चालू औषधं, सिकलसेलची तपासणी झाली का आणि ती काय आली, आणि फोन लागलाच पाहिजे असे दोन नंबर. ती थेट क्रीडाशिक्षकांच्या हातात द्या. प्रवेशाच्या फॉर्मवर लिहिलेलं ऑफिसच्या कपाटात राहतं, मैदानापर्यंत येत नाही.

सिकलसेलबद्दल जरा थांबून सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी गावांत हा रक्ताचा आजार बराच आढळतो. ज्या पोराला हा आजार आहे, त्याचं पाणी कमी पडलं किंवा अंगाला अति ताण झाला, तर सांध्यांत, पोटात, छातीत भयंकर कळा सुरू होतात. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी तासाला सारखी बसायची. मला वाटलं, बहाणे करते. एका दुपारी मी तिला दोन फेऱ्या मारायला लावल्याच. रात्री तिचे गुडघे सुजले, चार दिवस ती दवाखान्यात होती. तिच्या घरी सिकलसेलचं कार्ड होतं, मला ठाऊक नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून "पोटमा दुखस" ऐकलं की मी आधी चिठ्ठ्यांची फाइल पाहतो. अशा मुलांनी खेळू नये असं नाही. चालणं, हलके आसन, लेझीम, अधूनमधून पाणी आणि दमण्याआधी विश्रांती, एवढं डॉक्टरांना विचारून बहुतेकांना चालतं. शर्यत लावायची नाही, इतकंच.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. डोळे, दात, वजन, हृदय, सगळं तिथं फुकटात पाहतात.

बूट, कपडे, पाणी

महागडे बूट लागत नाहीत. बाजारातले साधे कॅनव्हासचे चालतात. फक्त अंगठ्यापुढं बोटभर जागा असावी आणि मोजे सुती असावेत. चपलेवर धावू नका, पट्टा तुटतो आणि माणूस तोंडावर पडतो. बूट नसतील तर अनवाणी चालेल, पण आधी मैदान झाडून. आमच्याकडं बाभळीचा काटा कुठून येतो हे देवालाच ठाऊक. काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं, त्या भेगेत पाय अडकून घोटे मुरगळतात. तास सुरू होण्यापूर्वी दोन पोरांनी फक्की टाकून मोठ्या भेगांवर खूण करायची, असा आमचा नियम आहे.

पाण्याची लिटरभर बाटली आणि घामासाठी जुना रुमाल, एवढं पुरे. कडं, चेन, घड्याळ, खिशातला पेन वर्गात ठेवून या. पेन विशेषतः. पडल्यावर तो बरगडीतच घुसायचा बाकी राहतो.

त्या दिवशी पोटात काय

तास जेवणाच्या सुट्टीनंतर असेल तर डबा अर्धाच खा, उरलेला तास झाल्यावर. भरीत-भाकरी दाबून खाऊन धावलात तर पोटात खरंच दुखेल. उपाशी येणंही तितकंच वाईट. सकाळच्या शाळेला पोरं नुसत्या चहावर येतात आणि प्रार्थनेतच चक्कर येऊन पडतात. निघताना एक केळं नाहीतर मूठभर शेंगदाणे-गूळ खा. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात राहून केळं मिळालं नाही, असं कुणी सांगू नये.

पस्तीस मिनिटं कशी जातात

शिट्टी झाली की रांग, उंचीप्रमाणे, एक हात अंतरावर. सावधान-विश्राम, हजेरी. यात तीन मिनिटांपेक्षा जास्त गेली तर चूक आमची. मग सात-आठ मिनिटं अंग गरम करणं: जागेवर हलकं धावणं, मग मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे. पोरं हा भाग टाळतात आणि दुखापत नेमकी त्यांनाच होते. त्यानंतर पंधराएक मिनिटं त्या दिवसाचं एखादं कौशल्य, आठ मिनिटं खेळ, आणि शेवटी दोन-तीन मिनिटं हळू चालणं, दीर्घ श्वास, पाणी.

तुमच्याकडून अपेक्षा काय? शिट्टीला थांबणं. पंचाचा निर्णय ऐकणं. साहित्य मोजून परत ठेवणं. आणि पडलेल्याला हसायचं नाही. शेवटचं मी कडकपणे पाळतो, कारण एकदा हसलं की ते पोरगं वर्षभर पारावरून उठत नाही.

एक गोष्ट शिक्षकांसाठीही. चुकल्याची शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या, उठाबशा, कोंबडा हे बंद झालं पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी घातली आहे. शिवाय धावणं ही शिक्षा आहे असं एकदा शिकवलं, की मग पोरानं हौसेनं धावावं अशी अपेक्षा कशी धरायची?

एक कौशल्य जवळून: खो

खो-खो सगळ्यांना येतो असं वाटतं. प्रत्यक्षात निम्मे फाउल खो देतानाच होतात. मैदान 27 बाय 16 मीटर, दोन टोकांना दोन पोल, मधल्या पट्टीत आठ चौकोन. आठ जण आळीपाळीनं उलट दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो.

नवख्यानं हे सावकाश, धावणारा नसताना शिकावं. आधी बसणं: उकिडवं, एक पाऊल पुढं, टाच किंचित उचललेली, बोटं जमिनीला टेकलेली. ढुंगण टेकवून बसलात तर उठायला दीड सेकंद जातो आणि तेवढ्यात धावणारा पोलपाशी पोचलेला असतो. मग खो देणं: बसलेल्याच्या पाठीमागून, तळहात पाठीला लावायचा आणि त्याच क्षणी तोंडानं मोठ्यानं "खो". हात आधी आणि आवाज नंतर झाला की फाउल. खो दिला की त्याच्या जागी लगेच बसायचं. बसलेल्यानं खो मिळेपर्यंत हलायचं नाही. उठल्यावर ज्या दिशेला खांदा वळवला, पोलला पोचेपर्यंत तीच दिशा. मधली पट्टी ओलांडायची नाही.

आमच्या सातवीतली एक मुलगी, अंगानं जाड, धावण्यात मागं. तिचं उठणं मात्र असं साधलं की पोलजवळच्या चौकोनात ती बसली की समोरचे बिचकायचे. हळू पळणाऱ्यालाही या खेळात जागा आहे, फक्त ती शोधून द्यावी लागते.

चाचण्या आणि त्यांची घरची तयारी

बऱ्याच शाळांत 'खेलो इंडिया'च्या पद्धतीनं तंदुरुस्तीची तपासणी होते. पहिली ते तिसरीच्या मुलांची उंची-वजन, एका पायावर तोल सांभाळणं आणि हातानं दोन चकत्यांना आळीपाळीनं झटपट स्पर्श करणं, एवढंच. चौथीपासून उंची-वजन, 50 मीटर धाव, 600 मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढं वाकणं, 30 सेकंदांत पोटाचे अर्धे उठाव, आणि दंड. मुलींचे दंड गुडघे टेकवून.

'धावणं किंवा चालणं' हे शब्द पुन्हा वाचा. 600 मीटरमध्ये चालायला परवानगी आहे. त्याच चाचणीची पोरांना सगळ्यात धास्ती असते, म्हणून ती सविस्तर.

पहिल्यांदा अंतर मोजा. टेप घेऊन घराजवळची मोकळी जागा मोजायची. 40 बाय 35 मीटरची जागा मिळाली तर एक फेरी 150 मीटरची, चार फेऱ्यांत काम झालं. खळ्यावर, देवळाच्या आवारात, कुठंही. रस्त्यावर मात्र नको, ट्रॅक्टरवाले बघत नाहीत.

आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. पहिले दोन आठवडे: दोन मिनिटं झपझप चालणं, एक मिनिट हळू धावणं, असं पाच वेळा. तिसरा-चौथा: दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, चार वेळा. पाचवा-सहावा: दोन फेऱ्या न थांबता, मग तीन मिनिटं चालणं, पुन्हा दोन फेऱ्या. सातव्यात पूर्ण चार फेऱ्या, पण इतक्या हळू की शेजारच्याशी बोलता यावं. आठव्यात एकदाच वेळ लावून, बाकी दिवस हलकं.

वेग वाटून घेणं हे खरं गुपित. माझ्या जुन्या वहीत आठवीतल्या एका मुलाच्या चार फेऱ्या लिहिलेल्या आहेत: 30, 45, 58, 62 सेकंद. पहिली फेरी मागं कुत्रं लागल्यासारखी, शेवटची अंत्ययात्रेसारखी. एकूण 3 मिनिटं 15. पुढच्या वेळी मी पहिल्या फेरीत त्याच्याबरोबर धावलो आणि त्याला पुढं जाऊच दिलं नाही. 43, 44, 44, 41. झाली 2 मिनिटं 52. मधल्या दोन आठवड्यांत त्याची ताकद काही वाढलेली नव्हती.

बाकीच्या चाचण्यांचं थोडक्यात. 50 मीटरला रेषेवर थांबायचं म्हणून पोरं अलीकडंच वेग कमी करतात. रेषेपलीकडं पाच मीटरवर दुसरी रेषा आहे असं समजून पळा. पुढं वाकण्यासाठी रोज संध्याकाळी, अंग गरम असताना, भिंतीला पायांचे तळवे टेकवून बसा आणि हळू वाका. झटके देऊ नका. दंड जमत नसतील तर आधी ओट्याला हात टेकवून, मग पायरीला, मग जमिनीवर. पोटाच्या उठावांना गुडघे वाकवलेले हवेत, आणि मानेला हिसके देऊन उठू नका. सतरंजी अंथरून दिवसाआड दहा-दहाचे दोन फेरे पुष्कळ झाले.

उंची-वजनाचा आकडा वर्गात मोठ्यानं वाचू नये, असं मी सरांनाही सांगतो. 'ढब्बू' आणि 'काडी' ही नावं तिथूनच चिकटतात.

ऊन

आपल्याकडं मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, पण शाळेच्या दृष्टीनं मार्च-एप्रिल जास्त घातक, कारण तेव्हा तास चालू असतात. होळीनंतर मैदानावरचं सगळं सकाळी नऊच्या आत. त्यानंतर झाडाखाली किंवा वर्गात: आसनं, बुद्धिबळ, खेळांचे नियम, प्रथमोपचार. सकाळची शाळा असेल तर खेळाचा तास पहिला किंवा दुसरा ठेवावा, म्हणून मुख्याध्यापकांकडं वेळापत्रकाच्या वेळीच आग्रह धरा.

तहान लागायची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी चार घोट. घाम फार गेला तर ओआरएस. नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं.

डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं सुरू झालं की सावली, ओला रुमाल, हळूहळू पाणी. पण पोरगं असंबद्ध बोलायला लागलं, अंग तापून निघालं, शुद्ध हरपत चालली, तर तो उष्माघात समजा. 108 ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालत राहा. बेशुद्ध पोराच्या तोंडात पाणी घालू नका. आणि नाकाला कांदा नको.

घोटा मुरगळला तर चोळू नका, तेल लावू नका. थंड पाण्याची पट्टी आणि पाय उंच. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड बसवणाऱ्याकडं नेण्याआधी एक्स-रे काढा.

मुलींसाठी, आणि ज्यांना सूट हवी त्यांच्यासाठी

पाळीत खेळलं तर काही बिघडत नाही. दुखत असेल तर न खेळणंही तितकंच ठीक. मोकळेपणानं सांगता यावं म्हणून शाळेनं एक बाई नेमून द्याव्यात. सरांना फक्त "आज हलकं" एवढं कळलं की पुरे. गडद रंगाची ट्रॅकपँट आणि दप्तरात एक जास्तीचं पॅड ठेवा. सातवी-आठवीनंतर मुली मैदानावरून गायब होतात त्याचं कारण आळस नसतो. ओढणी, बघणारी पोरं आणि शाळेतल्या बंद पडलेल्या संडासाचं दार, ही कारणं असतात.

आजारपणामुळं सूट हवी असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'खेळू नये' इतकंच नको, 'काय चालेल आणि किती दिवस' हे लिहून घ्या. सूट मिळालेलं पोरगं गुणलेखक होऊ शकतं, वेळ लावू शकतं, पंच होऊ शकतं, आणि त्याचं मूल्यमापनही होतं. अपंग मुलांना पारावर बसवून ठेवणं तर मुळीच चालणार नाही. बसून चेंडू फेकणं, नेम धरणं, कॅरम, किती तरी गोष्टी आहेत.

स्पर्धेला निघालात तर

शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. तालुका, जिल्हा, मग आपला नाशिक विभाग, मग राज्य. जन्माचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि आधार, तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का ते जुलैतच पाहा. वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीपायी तालुक्याच्या मैदानावरून परत आलेली पोरं मी पाहिली आहेत. मिळालेलं प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. छायांकित प्रती काढून मूळ प्रत फाइलमध्ये ठेवा. पुढं दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी प्रस्ताव शाळेमार्फत जातो, आणि सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, तेव्हा तोच कागद शोधावा लागतो.

तास होतच नसेल तर

हे सर्रास घडतं. वेळापत्रकात खेळ, फळ्यावर गणित. जानेवारीनंतर तर दहावीवाल्यांना मैदान दिसतही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असणं हे निकषच आहेत, आणि सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद आहे. भांडायला जाऊ नका. पालकसभेत तीनच गोष्टी विचारा, आणि त्या वहीत नोंदवून घ्यायला लावा: मागच्या महिन्यात खेळाचे किती तास झाले? साहित्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडं असते? आणि माझं पोरगं त्या तासाला मैदानात असतं की पारावर?